नाक दाखवायचं कुणाला? प्लास्टिक सर्जन आणि 'फेशियल' प्लास्टिक सर्जन यांच्या शिक्षणातला फरक

"मॅडम, हे दोघं वेगळे का एकच?" मोबाइल माझ्या टेबलावर ठेवत तिनं विचारलं. स्क्रीनवर एकाखाली एक अशा दोन जाहिराती होत्या. एकीत लिहिलं होतं 'प्लास्टिक सर्जन', दुसरीत 'फेशियल प्लास्टिक सर्जन'. दोन्हींत नाकाचे आधीचे आणि नंतरचे फोटो.

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे माझा दवाखाना आहे. मी साधी एमबीबीएस डॉक्टर, सर्दी-तापाची, बीपी-शुगरची. विचारणारी बाई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. सोबत तिची २२ वर्षांची मुलगी होती. ही मुलगी नवव्या वर्षी जिन्यावरून तोंडावर पडली. रक्त थांबलं, सूज उतरली, म्हणून पुढे कुणी काही केलं नाही. मग ती मोठी होत गेली तसं नाक वाकडं होत गेलं आणि मधला भाग खाली बसला. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती, त्यामुळे आईला नाक सरळ हवं होतं. मुलगी बराच वेळ गप्प बसली होती. उठता उठता म्हणाली, "मला रात्री एका बाजूनं श्वासच येत नाही. ते कोण बघणार?"

बाहेर रांग होती. त्या दिवशी मी दोघींना अर्धंच उत्तर दिलं. पण हा प्रश्न घेऊन येणारी ती एकटी नाही. गालावर भाजल्याचा डाग असलेली मुलगी येते, गाडीवरून पडून हनुवटी फुटलेला पोरगा येतो, तंबाखूनं जबडा गेलेले आजोबा येतात, आणि प्रत्येकाला कुणीतरी वेगवेगळं नाव सांगितलेलं असतं. म्हणून पूर्ण उत्तर इथे लिहिते.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक बसवत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना तसंच वाटतं, आणि त्यात त्यांची चूक काही नाही, नावच तसं आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'आकार देण्याजोगं', कुंभाराच्या हातातल्या मातीसारखं. जर्मनीतल्या ग्रेफे नावाच्या सर्जननं १८१८ साली नाक बनवण्याच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्या नावात हा शब्द आला. बेकेलाइट हे पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक आलं १९०७ साली. म्हणजे सर्जरीचं नाव आपल्या बादल्या-घागरींपेक्षा कितीतरी जुनं.

आणि हे काम तर त्याहूनही जुनं. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीनं नाक जोडण्याची रीत दिलेली आहे. पण मला जास्त जवळची वाटते ती पुण्याची गोष्ट. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस पत्रात म्हटल्याप्रमाणे वीट बनवणाऱ्यांच्या जातीतला. त्यानं उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ साचा बसवला, तो उलगडून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेनं रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांच्या मधोमध ती जोडलेलीच ठेवून खाली वळवून नाकावर बसवली. साधारण २५ व्या दिवशी तो जोड कापला. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली, आणि कपाळाची कातडी वापरून नाक करण्याच्या या रीतीला आजही जगभर 'भारतीय पद्धत' म्हणतात.

भुवयांमधला तो जोड का ठेवला असेल? शेतकऱ्याला हे चटकन कळेल. फांदी कापून दुसरीकडे लावली तर ती जगेलच असं नाही, तिला स्वतःची मुळं फुटेपर्यंत जीव धरून राहावं लागतं. पण दाबकलम केलं, म्हणजे फांदी झाडाला ठेवूनच मातीत दाबली, तर झाडाचं पाणी तिला मिळत राहतं आणि मुळं धरल्यावर मगच ती तोडता येते. कातडी पूर्ण सोडवून दुसरीकडे लावणं म्हणजे ग्राफ्ट. रक्ताचा रस्ता चालू ठेवून ती वळवणं म्हणजे फ्लॅप. प्लास्टिक सर्जरीचं सगळं शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरतं: जे हलवायचं ते जिवंत कसं ठेवायचं. कुठला भाग कापायचा, हा प्रश्न त्या मानानं सोपा.

आता मूळ प्रश्न. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते हॅरॉल्ड गिलीज हे मुळात कान-नाक-घशाचे सर्जन होते. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे उडाले, आणि १९१७ मध्ये इंग्लंडात सिडकप इथे अशा चेहऱ्यांसाठी खास हॉस्पिटल उघडलं. तिथे गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. बर्लिनचे जॅक जोसेफ, ज्यांनी नाकाच्या शस्त्रक्रियेला आजचं रूप दिलं, ते हाडांच्या शस्त्रक्रियेतून आलेले. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. नोशीर अँटिया यांनी गिलीज यांच्या हाताखाली शिकून आल्यावर कुष्ठरोग्यांची बसलेली नाकं आणि वाकडे झालेले हात दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घातली. म्हणजे चेहरा हा पहिल्यापासून एका खात्याच्या मालकीचा नव्हताच. कान-नाक-घसावाल्यांनाही तो आपला वाटतो, प्लास्टिकवाल्यांनाही, आणि दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. फरक पडतो तो तिथपर्यंत कुठल्या वाटेनं आलात यानं.

आपल्या देशातली वाट अशी आहे. बारावीनंतर नीट देऊन एमबीबीएस, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. इथपर्यंत सगळे एकाच बाकावर. मग नीट-पीजी, म्हणजे पुढच्या पदवीची प्रवेश परीक्षा, आणि इथे रस्ता फुटतो.

ज्याला प्लास्टिक सर्जन व्हायचंय तो नेहमीच्या वाटेनं आधी एमएस जनरल सर्जरीला जातो. तीन वर्षं. या काळात तो नाकाला फारसा हात लावत नाही. अपेंडिक्स, हर्निया, आतड्याला पडलेलं भोक, चाकूनं भोसकलेलं पोट, रात्री तीनला आलेला ट्रॅक्टरचा अपघात, हे त्याचं शिक्षण. आपल्या सिव्हिलला, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या हॉस्पिटलात, सर्जरीच्या वॉर्डात एक रात्र काढलेल्या माणसाला मी काय म्हणते ते कळेल. बिघडलेला पेशंट सांभाळायचं, रक्तस्राव थांबवायचं, कधी थांबायचं हे ओळखायचं शिक्षण तिथे मिळतं. मग पुन्हा परीक्षा, नीट-एसएस, आणि एमसीएच प्लास्टिक सर्जरी, आणखी तीन वर्षं. नॅशनल बोर्डाच्या वाटेनं गेलात तर त्याच दर्जाची पदवी डीआरएनबी. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबी असाही एक रस्ता आहे. एकूण हिशेब केला तर बारावीनंतर साडेअकरा वर्षं.

त्या शेवटच्या तीन वर्षांत तो काय शिकतो हे सोलापूरकराला सांगायची गरज पडू नये, पण पडते, कारण 'प्लास्टिक सर्जन' म्हटलं की लोकांना सिनेनटी आठवते. भाजलेले पेशंट. यंत्रमागाच्या पट्ट्यात किंवा उसाच्या चरकात गेलेला हात. तुटलेलं बोट परत जोडताना एक-दोन मिलिमीटरची रक्तवाहिनी मायक्रोस्कोपखाली शिवावी लागते, आणि त्यासाठी वापरलेला धागा आपल्या केसापेक्षाही बारीक असतो. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेलं बाळ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कमरेवरची जखम. कॅन्सरमध्ये स्तन गेलेल्या बाईची पुन्हा उभारणी. आणि तोंडाचा कॅन्सर, जो आपल्या भागात मिसरी-गुटख्यानं घरोघर नेऊन ठेवलाय. जबड्याचं हाड काढलं की खालचा चेहरा कोसळतो. १९८९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गो यांनी पायातलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून, त्याला जबड्याचा बाक देऊन तिथे बसवण्याची पद्धत मांडली. आज ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रात होते. पायाचं हाड चेहऱ्यात जातं आणि माणूस परत भाकरी चावू शकतो. हे ज्यानं केलंय त्याला डोक्यापासून तळपायापर्यंत कुठली कातडी, कुठला स्नायू, कुठलं हाड उसनं घेता येतं हे तोंडपाठ असतं. प्लास्टिक सर्जनची खरी ताकद इथे आहे, आणि माझ्या मते ती जाहिरातींत सगळ्यात कमी दिसते.

दुसरी वाट एमएस ईएनटीची, म्हणजे कान-नाक-घशाची. हीसुद्धा तीन वर्षं, पण ही तिन्ही वर्षं गळ्याच्या वरच जातात. कानाचं ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली, सायनसचं दुर्बिणीनं, नाकाचा पडदा सरळ करणं, लाळग्रंथीची गाठ काढणं, मानेतल्या कॅन्सरच्या गाठी, श्वास अडकलेल्या माणसाच्या गळ्याला भोक पाडून जीव वाचवणं. चेहरा हलवणारी नस, जी कानाच्या हाडातून बाहेर पडते आणि गालावर पाच मुख्य फांद्यांत पसरते, तिच्याशी या माणसाची रोजची ओळख असते. कान साफ करताना, कानामागचं हाड कोरताना, गालातली गाठ सोडवताना ती नस वाचवणं हेच त्याचं काम. हसताना ओठ एका बाजूला ओढला जातो ना, ते या नसेच्या एका फांदीला दुखापत झाल्यावर. बारावीनंतर साडेआठ वर्षं झाली की तो पूर्ण कान-नाक-घसा तज्ज्ञ असतो.

त्यानंतर यांतल्या काहींना बाहेरचं नाक, कानाचा आकार, पापणी, चेहऱ्याची कातडी यांत रस वाटतो आणि ते फेलोशिप करतात. कुठे ती काही महिन्यांची असते, कुठे वर्षभराची, कुणी देशात करतात, कुणी परदेशात. असा डॉक्टर मग स्वतःला 'फेशियल प्लास्टिक सर्जन' म्हणवतो. आपल्याकडे फेशियल प्लास्टिक सर्जरी नावाची वेगळी एमसीएच नाही. मूळ पदवी एमएस ईएनटी, आणि त्यावर घेतलेलं जादा शिक्षण. हे मी कमीपणानं सांगत नाही. पण पेशंटला ते स्पष्ट कळायला हवं, कारण पाटीवर 'प्लास्टिक' हा शब्द आला की लोक गृहीत धरतात की सगळं सारखंच.

हे नाव आलं अमेरिकेतून, आणि तिथला हिशेब बघण्यासारखा आहे. तिथे कॉलेजची चार वर्षं, मेडिकलची चार, आणि मग प्लास्टिक सर्जरीची सलग सहा वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं शिक्षण. किंवा आधी जनरल सर्जरीसारखी दुसरी रेसिडेन्सी पुरी करून वर तीन वर्षं प्लास्टिक. ईएनटीच्या वाटेनं गेलेल्याची रेसिडेन्सी पाच वर्षांची, आणि वर एक वर्षाची फेशियल प्लास्टिकची फेलोशिप. पाच अधिक एक म्हणजे सहाच. वर्षं सारखी झाली, पण एकाची सहा वर्षं साऱ्या अंगावर विभागली गेली आणि दुसऱ्याची बहुतेक डोकं-मानेवर गेली. त्यामुळे तिथला वाद 'कोण जास्त शिकलाय' असा नसतो, 'कोण कशात शिकलाय' असा असतो. तिथल्या प्लास्टिक सर्जरीच्या बोर्डाची, म्हणजे तज्ज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची, स्थापना १९३७ ची, आणि ते देशाच्या मुख्य बोर्डसंघाचं सदस्य आहे. फेशियल प्लास्टिक सर्जरीचं बोर्ड १९८६ चं, ते स्वतंत्रपणे कडक परीक्षा घेतं, पण त्या संघात नाही. त्यामुळे आपल्याकडच्या जाहिरातीत 'बोर्ड सर्टिफाइड' हा शब्द दिसला तर कुठलं बोर्ड, कुठल्या देशाचं आणि काय केल्यावर ते प्रमाणपत्र मिळतं हे विचारायला अजिबात लाजू नका.

चेहऱ्याला हात लावणारे आणखी आहेत, त्यांची नावं तेवढी सांगते. दंतवैद्यकाच्या वाटेनं पाच वर्षं बीडीएस आणि तीन वर्षं एमडीएस करून आलेले तोंड-जबड्याचे सर्जन. जबडा मोडला, दात आणि चावा जुळेना, तर त्यांच्यासारखा हात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांतून पापणी आणि अश्रुमार्गाकडे वळलेले तज्ज्ञ. आणि त्वचारोगतज्ज्ञ.

'कॉस्मेटिक सर्जन' मात्र कुठल्याही विद्यापीठाच्या पदवीचं नाव नाही. तो शब्द पाटीवर रंगवायला पेंटर लागतो, परीक्षा लागत नाही. केस बसवण्यासारख्या सौंदर्यशस्त्रक्रियांसाठी २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत साफ म्हटलंय की वर्कशॉप बघून किंवा यूट्यूबवर बघून ही कामं सुरू करण्याइतकं शिक्षण होत नाही. आयोगाला असं लिहावं लागतं, यावरून बाजार कुठे चाललाय ते समजा.

शिक्षण नेमकं कुठे कामी येतं ते मी एकदा फार जवळून पाहिलं. माझा भाचा, तेव्हा सात वर्षांचा, सायकलवरून पडून वरचा ओठ फाटला. जवळच्या एका ठिकाणी घाईघाईनं टाके घातले गेले. जखम भरली. पण ओठाची लाली आणि वरची कातडी यांच्या मधे एक बारीक पांढरट किनार असते, आरशात जवळून बघितलीत तर तुम्हालाही दिसेल. ती किनार जुळली नव्हती. एका मिलिमीटरची पायरी. कागदावर एक मिलिमीटर काहीच नाही, पण बोलताना समोरच्याची नजर थेट तिथेच जायची, आणि पोरगं तोंडावर हात ठेवून बोलायला शिकलं.

दोन वर्षांनी एका प्लास्टिक सर्जनने ते दुरुस्त केलं आणि मला आत उभं राहू दिलं. त्यांनी पहिल्यांदा सुई हातात घेतलीच नाही. आधी शाई घेतली. किनारीच्या दोन्ही बाजूंना दोन ठिपके दिले, इतके बारीक की मला वाकून बघावं लागलं. मगच औषधाचं इंजेक्शन दिलं. मी विचारलं, आधी ठिपके का? ते म्हणाले, औषध आत गेलं की ओठ फुगतो आणि किनार दिसेनाशी होते, मग अंदाजानं शिवावं लागतं. पहिला टाका त्या दोन ठिपक्यांमधून गेला. बाकीचे कुठेही आले असते तरी चाललं असतं. आज तो अकरावीत आहे आणि ओठ कुठे फाटला होता ते मलाच शोधावं लागतं.

ते ठिपके एखादा शिकलेला ईएनटी सर्जनही तसेच देईल, जबड्याचा सर्जनही देईल. हे दुभंगलेल्या ओठांवर वर्षानुवर्षं काम करताना हातात बसतं. दुभंगलेल्या ओठाचं निघालंच आहे तर सांगते, ते बाळ 'ग्रहणात विळी धरली' म्हणून तसं होत नाही. गर्भात पहिल्या दोन महिन्यांत ओठाचे भाग एकमेकांना येऊन मिळतात, ते मिळायचे राहिले की फट उरते. त्या आईला बोल लावणं थांबवा आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याचं वजन वाढवा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तेव्हा करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार बसतात. अंगणवाडीताईंना विचारा.

परत त्या मुलीच्या नाकाकडे येऊ. नाक ही अशी जागा आहे की जिथे दोन्ही वाटा एकमेकींना भेटतात. लोक म्हणतात, "नाकाचं हाड वाढलंय." बहुतेक वेळा हाड वाढलेलं नसतं, दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो. तो पुढच्या भागात मऊ हाडाचा, म्हणजे कूर्चेचा असतो आणि मागे खऱ्या हाडाचा. मार लागला की तो एका बाजूला झुकतो, एक नाकपुडी बंद पडते. शिवाय नाकात आत, जिथे पडदा आणि नाकाची बाजूची भिंत भेटते, तिथे अगदी अरुंद कोन असतो. दहा-पंधरा अंशांचा. सगळा श्वास त्या फटीतून जातो. नाक बाहेरून बारीक करताना ती फट आणखी दाबली गेली, तर फोटोत नाक सुंदर येतं आणि माणूस तोंड उघडं टाकून झोपतो. म्हणून मी नाकाच्या पेशंटला नेहमी सांगते, ज्याला आतला भाग कळतो त्याला बाहेरचा हात लावू द्या. ईएनटीची वाट इथे वरचढ ठरते. त्यांनी नाकाच्या आत दुर्बीण घालून शेकडो पडदे सरळ केलेले असतात.

पण नाक मधून बसलेलं असेल, तर नुसतं सरळ करून भागत नाही, ते उभं करावं लागतं. उभं करायला सामान लागतं. पहिलं सामान पडद्यातच मिळतं, दुसरं कानात. दोन्ही पुरेसे नसले तर बरगडीची कूर्चा काढावी लागते. बरगडीच्या लगेच खाली फुप्फुसाचं आवरण असतं, आणि काढलेला तुकडा नीट कोरला नाही तर पुढे वाकतो. छातीतून, पायातून, कुठूनही सामान काढायची सवय प्लास्टिक सर्जनला असते. अर्थात नाकांत मुरलेले कित्येक ईएनटी सर्जनही बरगडी सफाईनं काढतात, आणि नाकाच्या आतलं काम उत्तम करणारे प्लास्टिक सर्जनही आहेत. म्हणून पदवी ही सुरुवात आहे. त्यापुढचं विचारून घ्यावं लागतं.

दुसऱ्यांदा आल्यावर मी मुलीला सगळं समजावलं आणि तिनं लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहून घेतले. तुमची पीजी कशातली, आणि त्यानंतर कुठे शिकलात. माझ्यासारखी नाकं, म्हणजे मार लागून बसलेली, तुम्ही वर्षाला किती करता. श्वासाचं आणि दिसण्याचं एकाच वेळी होणार का दोनदा. सामान कुठून घेणार. भूल कोण देणार, आणि रात्री काही झालं तर हॉस्पिटलात कोण असेल. बिघडलं तर दुरुस्ती तुम्हीच करणार का. शेवटचा प्रश्न तिनं स्वतः घातला: नाही केलं तर काय होईल? तो मला सगळ्यात आवडला.

रजिस्ट्रेशन नंबर कसा बघायचा तेही मी तिला दाखवलं. डॉक्टरनं तो दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहिणं नियमानं बंधनकारक आहे, आणि त्यावरून मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत नाव शोधता येतं. नावामागच्या अक्षरांत मान्यताप्राप्त पदवी कुठली आणि दोन दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र कुठलं, हे एकदा वेगळं करायला शिकलं की अर्धी पाटी आपोआप पुसली जाते.

त्या जाहिरातींपैकी एकाकडेही ती गेली नाही. आधी सोलापुरातल्याच एका ईएनटी सर्जनकडे गेली. त्यांनी दुर्बिणीनं आत बघितलं, स्कॅन करायला लावला, आणि तिच्या यादीतल्या दुसऱ्या प्रश्नावर सरळ सांगितलं, "पडदा मी सरळ करू शकतो. पण तुझं नाक उभं करायला बरगडी लागणार, आणि तसली मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच केलीत. पुण्याला जा." चिठ्ठी लिहून दिली. त्या माणसाबद्दल माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

मायलेकी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेल्या. तिथे एक प्लास्टिक सर्जन आणि एक ईएनटी सर्जन अशी नाकं मिळून करतात. एकानं आतला पडदा सोडवून सरळ केला, दुसऱ्यानं बरगडीचा तुकडा काढून, कोरून नाकाचा कणा उभा केला. आईनं विचारलं, सूज कधी उतरणार, लग्नाच्या फोटोंना चालेल ना? त्यांनी सांगितलं, वरवरची सूज दोन-तीन आठवड्यांत जाईल, पण नाकाचा खरा आकार दिसायला वर्ष लागेल, घाई करू नका. आईनं स्थळं पुढे ढकलली. मला त्याचं नवल वाटलं, आणि बरंही वाटलं.

संक्रांतीला, गड्ड्याची गर्दी असताना, दोघी तिळगूळ द्यायला दवाखान्यात आल्या. नाक अजून थोडं जाड दिसत होतं, टोकाशी. मुलीनं त्याबद्दल काहीच विचारलं नाही. आई म्हणाली, "रात्री उठून बघते मॅडम, तोंड मिटून झोपते आता."